शंभरातले मागचे दहा

माझ्या मुलाचं काम काय होतं, हे मला शेवटपर्यंत नातेवाइकांना नीट सांगता आलं नाही. नवरा भोसरीत लेथवर होता, ते सांगायला सोपं. मी स्वतः एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचे, तेही सोपं. मुलगा मात्र ताथवड्याच्या एका ऑफिसात बसून परदेशातल्या एका अणुवीज केंद्राभोवतीच्या लोकांचा हिशोब करायचा. त्या लोकांना घरदार सोडून बाहेर पडायला किती वेळ लागेल, याचा अंदाज काढायचा. तो त्या देशात कधी गेलेला नव्हता. हे सगळं मी एकदा माझ्या बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग पगार कशाचा देत्यात?"

मीही त्याला सुरुवातीला असंच काहीतरी विचारलं होतं.

"तितं काय फुटलंय का?"

"नाही, आई."

"फुटनार हाय?"

"तसंही नाही. झालाच काही अपघात तर. किती वेळ लागेल हे आधी माहीत असलं की भोंगा कधी वाजवायचा ते ठरवता येतं."

"आन् झालाच न्हाई तर?"

"तर चांगलंच."

"मंग तुझं काम वाया."

तो हसायचा. म्हणायचा, "वाया जावं असंच काम आहे ते."

आम्ही मोशीत राहतो. मुख्य रस्ता सोडून आत, गुंठेवारीतल्या एका तीन मजली इमारतीत. माझे गुडघे जिना चढत नाहीत म्हणून मुलाने तळमजला घेतला. मागच्या भिंतीपलीकडे भंगाराची गोदामं आहेत. दिवसभर तिथे लोखंड कापण्याचा आवाज चालतो. त्याचा त्रास व्हायचा, पण वर राहायला गेलो असतो तर मी घराबाहेरच पडले नसते.

रात्रीचं जेवण उरकलं की मुलगा कधीकधी मला लॅपटॉपवर नकाशा दाखवायचा. मी चौथीपर्यंत शिकले आहे. नकाशात वर उत्तर असते, एवढं मला ठाऊक. त्याच्या नकाशात मध्ये एक टिंब होतं आणि त्याच्याभोवती मोठा गोल. भाकरीचे चतकोर करावेत तसे त्या गोलाचे भाग पाडलेले. वारा ज्या बाजूला जातो तिकडची माणसं आधी काढायची. बाकीच्यांनी दारंखिडक्या लावून घरात बसायचं, म्हणजे रस्ता मोकळा राहतो. न सांगता निघालेली माणसंच रस्ता अडवतात, असं तो म्हणायचा. शाळा चालू असताना किती वेळ लागेल, शाळेला सुट्टी असताना किती, बर्फ पडलेला असताना किती, खेळाचा मोठा सामना असेल तर किती, असे सगळे हिशोब त्याला वेगवेगळे करावे लागायचे.

"म्हंजे जत्रा असली तर," मी म्हटलं.

"हो, जत्राच."

मला वाटायचं, सगळी अडचण रस्त्याची असणार. चाकणकडून येणारा रस्ता संध्याकाळी बघितला की कुणालाही तसंच वाटेल. पण तो म्हणाला की रस्त्याचं गणित त्यामानाने सोपं. गाड्या मोजता येतात, रस्त्याची रुंदी मोजता येते. अवघड आहे ते मधलं. माणसाला बातमी कळते आणि माणूस दाराबाहेर पडतो, या दोहोंच्या मध्ये जे होतं ते.

"काय हुतंय मधी?"

"कुणी शेजारी जाऊन विचारतं, खरंच का. कुणी टीव्ही लावून बसतं. कुणी मांजर शोधतं. कामावर गेलेला माणूस आधी घरी येतो. धोक्याच्या दिशेनं येतो, पण येतोच. घरातली सगळी एका ठिकाणी झाल्याशिवाय घर हलत नाही. हे आम्ही धरूनच चालतो."

मग एकदा त्याने मागच्या दहांचं सांगितलं. शंभर माणसं असतील तर नव्वद बाहेर पडायला किती वेळ लागतो, तो आकडा मोठे अधिकारी बघतात. निर्णय त्यावर होतो. उरलेल्या दहांचा वेळही काढतात, पण तो फार लांबतो. त्यांच्यासाठी सगळं अडवून धरलं तर नव्वदांचं नुकसान.

"मंग त्या धांचं काय?"

"निघतात तेही. उशिरा निघतात."

"कोन असत्यात ते?"

"प्रत्येकाचं काहीतरी असतं, आई. कुणाचं जनावर, कुणाचं दुखणं. ते आकड्यात बसत नाही."

हे मला तेव्हा पटलं. कॅन्टीनमध्येही आम्ही तसंच करायचो. शेवटून येणाऱ्या चार माणसांसाठी भट्टी चालू ठेवत नव्हतो.

दुसऱ्यांच्या निघण्याचा हिशोब करणारा हा माणूस स्वतः मात्र घरातून कधी वेळेवर निघाला नाही. ऑफिसची गाडी कोपऱ्यावर यायची. हा डबा घेऊन निघायचा, ओळखपत्रासाठी परत यायचा, निघायचा, गॅस बंद आहे का बघायला परत यायचा. गॅस मी बंद केलेला असायचा. सून दारात उभी राहून म्हणायची, "अहो, तुम्ही साहेब लोकांना वेळ काढून देता ना? त्यात आपल्या घराचं पण घाला. या घरातला माणूस परवा निघेल म्हणून लिहा."

"या घरातली बायको बोलण्यात वेळ घालवते, तेही लिहितो," तो म्हणायचा आणि पळायचा.

त्यांना मूल झालं नाही. त्यावर बोलायला इथे काही नाही.

त्या परदेशातल्या लोकांना फोन करून काही प्रश्न विचारलेले होते. निघा म्हटलं तर सामान भरायला किती वेळ लागेल, घरात गाड्या किती, कामावरच्या माणसाची वाट बघाल का. एका रविवारी त्याने गंमत म्हणून तेच प्रश्न आम्हा दोघींना विचारले.

मी म्हटलं, "मी लगीच निगंल. काय हाय भरायला?"

"सगळे असंच सांगतात," तो म्हणाला.

सून भाजी निवडत होती. ती ताथवड्यालाच कॉलेजात गणित शिकवते. मान वर न करता म्हणाली, "मी तुमची वाट बघणार."

"मी ऑफिसात अडकलोय, समज. फोन लागत नाही."

"तरी बघणार. तुम्ही आल्याशिवाय नाही निघणार."

तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "नाही. वाट बघायची नाही. तू आईला घ्यायचं आणि निघायचं. मी माझा येईन."

"नाही," सून म्हणाली. मग तिने विचारलं, "दोडका चालेल ना रात्री?"

तो गेला ते सकाळी. बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच पुढे पडला. बाहेर ऑफिसची गाडी हॉर्न देत होती. सुनेला वाटलं, नेहमीसारखा काहीतरी शोधत असेल. ती आतून ओरडली, "अहो, निघा आता." हे तिने पुढे मला इतक्यांदा सांगितलं की मला तो आवाज स्वतः ऐकल्यासारखा वाटतो. मी तेव्हा न्हाणीत होते.

डॉक्टर म्हणाला, हृदय. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. मी लग्नाआधीपासून मिश्री लावते, मला काही झालं नाही.

अंत्यविधीनंतरचं सगळं माझ्या धाकट्या दिराने हातात घेतलं. तो गावी राहतो, चाकणच्या पुढे. रीतिरिवाजाचा पक्का. मुलाला बाहेरच्या खोलीत जिथे ठेवलं होतं तिथे त्याने पीठ पसरलं आणि त्यावर दिवा लावला. दहावा होईपर्यंत हा दिवा विझू द्यायचा नाही. घराला कुलूप घालायचं नाही. कुणाच्या घरात, देवळात, लग्नकार्यात पाय ठेवायचा नाही.

"तो अजून घरातच हाय," दीर म्हणाला. "दहाव्यापतोर कुटं जात न्हाई. त्याला अंदारात ठेवायचं न्हाई. एकटं ठेवायचं न्हाई."

हे तो सुनेकडे बघून बोलला. माझ्याकडे बघून बोलला असता तर मी मान हलवून कामाला लागले असते. मी हे सगळं सासूच्या वेळी केलं होतं, सासऱ्याच्या वेळी केलं होतं, नवऱ्याच्या वेळी केलं होतं. सुनेला नवीन होतं. एरवी ती चतुर्थीच्या दिवशी चहात बिस्कीट बुडवून खाणारी बाई. पण तिने ते बोलणं धरलं. दिव्याजवळच चटई टाकली. तेल तीच घालायची, वात तीच सारायची. रात्री मला जाग आली की ती बसलेलीच असायची. एकदा मी तिला दिव्याशी हळू आवाजात बोलताना ऐकलं. कॉलेजच्या परीक्षेचं काहीतरी सांगत होती. मी परत जाऊन पडले.

पुढच्या आठवड्यात दीर दहाव्याच्या तयारीसाठी दोन दिवस गावी गेला. घरात आम्ही दोघीच. भेटायला येणारी माणसंही कमी झाली होती. फोन सारखे वाजायचे आणि प्रत्येकाला तेच सांगावं लागायचं, म्हणून सुनेने दोन्ही फोन बंद करून कपाटात ठेवले होते. म्हणूनच बातमी आम्हाला उशिरा कळली.

दुपार होती. मला वास आला. लहानपणी गावच्या विहिरीत पावडर टाकायचे, तसा. मला वाटलं, वर कुणीतरी संडास धुतंय. मग डोळ्यांत पाणी यायला लागलं. कांदा चिरला नव्हता. मागच्या गोदामातला कापण्याचा आवाज बंद झाला होता आणि माणसांच्या पळण्याचा आवाज येत होता. मी खिडकी लावली. तेवढ्यात दार वाजलं.

वरच्या मजल्यावरची लातूरकडची बाई होती. डोक्यात हेल्मेट, तोंडाला ओला टॉवेल.

"ओ मावशी! घरात काय करायलाव? मागं भंगारवाल्यानं कसला तरी जुना सिलेंडर कापला. गॅस सुटलाय. समदी बिल्डिंग खाली झाली, पोलीस माइकवर बोंबलायलेत. तुमचा फोन का लागंना?"

"बंद हायत."

"आता काय म्हणावं तुमाला! चला, चला. हा गॅस खालीच बसतो म्हणं. तळमजल्यावाल्यांना लई धोका. मी खालपर्यंत गेल्ते, तुमी दिसंनात म्हणून माघारी आले."

मी पदर ओला केला, सुनेची ओढणी ओली केली आणि बाहेरच्या खोलीत आले. सून दिव्यासमोर बसून खोकत होती.

"ऊठ गं. भाईर जायचंय."

"ऐकलं मी. तुम्ही जा, आई. मी आहे इथे."

"हाय म्हंजे? डोळं बघ तुझं."

"दिव्याजवळ कुणीतरी पाहिजे. काका म्हणालेत."

"काका तिकडं गावाला बसलाय."

"मी त्यांना एकटं ठेवणार नाही."

"अगं, तोच म्हनला हुता की, वाट बघायची न्हाई म्हनून. माझ्याम्होरं म्हनला."

"मी तेव्हाही नाही म्हटलं होतं."

ते खरं होतं. मी तिचा दंड धरून ओढला. ती जागची हलली नाही. माझं वय काय, तिचं काय. शेजारीण उंबऱ्याबाहेरून ओरडत होती, पण आत येत नव्हती. सुतकाच्या घरात शिरावं की नाही, हे एवढ्या घाईतही तिचं ठरत नव्हतं. मला तिचा राग आला नाही. मीही शिरले नसते.

मी क्षणभर खाली बसले. बसल्यावर खालचा वास जास्त लागला. घशात सुई टोचावी तसा. सून खोकत होती आणि खोकता खोकता दिव्याला हाताचा आडोसा करत होती. आणि मला मुलाचं बोलणं आठवलं. घरातली सगळी एका ठिकाणी झाल्याशिवाय घर हलत नाही. सून घरातली माणसं तीन धरून बसली होती. तिसरा हलणारा नव्हता. तो हलत नाही तोवर तीही हलणार नव्हती.

दिवा फुंकरीने मालवू नये, असं आमच्यात आहे. मी वाकले, वात चिमटीत धरली आणि दाबली.

"आता घरात कोन न्हाई," मी म्हटलं. "चल."

तिला आधी कळलंच नाही काय झालं ते. धूर वर गेला तो तिने बघितला. मग ती माझ्या अंगावर धावून आली. मला वाटतं, मारायलाच. तोंडाने काय बोलत होती ते इथे लिहीत नाही. पण मला मारायला का होईना, ती उठली होती. मी तिला दाराकडे ढकललं. तेव्हा शेजारणीने सुतकबितक सोडून आत पाय टाकला आणि तिचा दुसरा हात धरला. दोघींनी मिळून तिला बाहेर काढलं. कुलूप घातलं नाही. सापडलंच नाही.

रस्त्यावर मुलाने सांगितलं होतं तसंच होतं. ज्यांना निघायला सांगितलं होतं ते निघाले होते, आणि ज्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं तेही निघाले होते. पलीकडच्या मोठमोठ्या सोसायट्यांच्या मोटारी आडव्या घुसल्या होत्या. एक माणूस स्कूटरवर टीव्ही घेऊन चालला होता. एक जण उलटा, गोदामाकडे निघाला होता. पोलिसाने त्याला अडवलं तर तो ओरडत होता, "भावा, आई हाय रे माझी आत!" आम्ही तिघी पायी चाललो. त्या गर्दीत पायी माणूसच लवकर जातो. सुनेचा हात सोडला तर ती परत जाईल म्हणून आम्ही तो सोडत नव्हतो.

माइकवर सांगत होते, हायवेजवळच्या मंगल कार्यालयात जमा. तिथे कुणाचा तरी साखरपुडा चालू होता. मालकाने माणुसकी म्हणून दार उघडलं होतं. फुलांच्या कमानीखालून लोक खोकत खोकत आत चालले होते आणि आतला बँडवाला वाजवावं की थांबावं म्हणून बघत होता. शेजारीण म्हणाली, "चला आत, मावशी. पंखे हायत." मी फाटकापाशी थांबले.

फेटा बांधलेला एक गृहस्थ पाण्याची बाटली घेऊन आला. नवरीचा मामा होता. "आज्जी, या की आत. पोरीला पण घ्या, बसवा."

"आमी न्हाई यायचं," मी म्हटलं. "सुतक हाय."

तो दोन पावलं मागे सरला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी. त्याने आत जाऊन दोन खुर्च्या आणल्या आणि फाटकाच्या बाहेर, गटाराच्या अलीकडे मांडल्या. पाणीही दिलं. आम्ही तिथे बसलो. पोलीस आला, म्हणाला, "मावशी, इथं रस्त्यात काय बसताय, आत व्हा." मी त्यालाही तेच सांगितलं. तो डोकं खाजवत निघून गेला. मुलाने नकाशात बर्फ धरला होता, जत्रा धरली होती. सुतक धरायचं तिकडे कुणाला सुचणार?

मागचे दहा म्हणजे कोण, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. मी शेजारी बघितलं. सून उजव्या हाताने स्वतःचा डावा हात, आम्ही धरला होता तसाच, घट्ट धरून बसली होती.

अंधार पडायच्या आत घरी जायला परवानगी मिळाली. मागच्या भिंतीला लागून राहणाऱ्या काही जणांना दवाखान्यात नेलं होतं. आमच्या दारात गवती चहाची कुंडी होती. तिची पानं धुलाई पावडरीत बुडवल्यासारखी पांढरी पडली होती. आत खोलीत वास होताच. सुनेने कुंडी बघितली, मग कोपऱ्यातला दिवा बघितला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दीर आला. दिवा बघून त्याचा चेहरा उतरला.

"वैनी, काय झालं ह्ये?"

मी सांगितलं.

त्याने बराच वेळ विचार केला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "एवढा गोंदळ झाला. वाऱ्यानं इझला आसंल. दार उगडं हुतं न्हवं? भावकीत तसंच सांगू."

"वाऱ्यानं न्हाई. मी इझवला."

"अवो, आई हायसा का कोन तुमी त्याची?"

त्याने भटजींना फोन करून विचारलं, काहीतरी करून दिवा पुन्हा लावला. सून त्या दिव्याजवळ परत बसली नाही. तिच्या लेखी तो आता नुसता दिवा होता. तेल मी घालत होते. दहाव्याला काय झालं, कावळा शिवला की नाही शिवला, हे मला अजून लोक विचारतात. मी सांगत नाही.

पुढे सून कामावर जायला लागली. माझं सगळं करायची. औषध, भाकरी, गुडघ्याचं तेल. बोलायची मात्र कामापुरतं. गोळी घेतली का. दूध आलं का. तिच्या माहेरच्यांनी तिला ताथवड्याला खोली बघून दिली होती, कॉलेजजवळ. ती गेली नाही. का गेली नाही, ते मी विचारलं नाही.

एकदाच तिने विषय काढला. मी तांदूळ निवडत होते. ती समोर येऊन उभी राहिली.

"आई, त्या दिवशी तुम्हाला काहीच नाही वाटलं?"

"वाटलं की. बोट भाजलं."

ती वळून निघून गेली. याहून बरं उत्तर द्यायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मला दुसरं सुचलं नाही, आणि खोटं बोलता येत नाही. तो तेव्हा घरात होता की नव्हता, मला ठाऊक नाही. असला तर मी त्याला अंधारात ठेवून निघाले. ज्याला जन्म दिला त्याला. हे रोज सकाळी उठल्याबरोबर आठवतं आणि मग मी चहा ठेवते. सून चहा पिते आणि कामावर जाते. ती पिते, एवढं मला पुरतं. पुरवून घ्यावं लागतं.

दिवाळी झाल्यावर एक बाई आली. गोदामाजवळच्या सगळ्या घरांची माहिती घेत होती. पुन्हा असं काही झालं तर कुणाला कसं बाहेर काढायचं, त्याची तयारी म्हणाली. दमलेली होती. दारातच खुर्ची दिली तिला. मोबाइलमध्ये बघून एकेक प्रश्न विचारत होती. गाडी आहे का. अंथरुणावर कोणी आजारी आहे का. चालायला त्रास असलेलं कोणी. मी गुडघे दाखवले. सून स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती.

"घरात माणसं किती?" बाईने विचारलं.

ते सांगणं माझं नव्हतं. रेशनकार्डावर अजून तीन नावं आहेत. विजेचं बिल मुलाच्या नावाने येतं. पंखा चालू होता, तो ऐकत बसले.

"दोन," सून म्हणाली.

बाईने बोटाने काहीतरी दाबलं. पुढचा प्रश्न वाचला. "सूचना मिळाल्यापासून घराबाहेर पडायला साधारण किती वेळ लागेल? लगेच, थोडा वेळ, जास्त वेळ?"

"जास्त," सून म्हणाली. "लिहा, या घरातली बाई वेळ लावते."

बाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कोणती बाई?"

"दोघी," सून म्हणाली.

बाई हसली. मी पण हसले असेन. तिने पाणी मागितलं. सून पाणी आणायला आत गेली आणि आली नाही. मग मीच उठून माठातलं पाणी दिलं आणि बाईला वाटेला लावलं.

आत नळ चालू होता. भांडी घासल्याचा आवाज नव्हता, नुसतं पाणी पडत होतं. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं आणि ते वाया घालवलेलं मला खपत नाही, हे तिला माहीत आहे. मी बाहेर खुर्चीवर बसून राहिले. नळ बराच वेळ चालू होता.